मुखवट्यातला न्याय

पुण्यात वसंत ऋतूतील व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झाली. तेव्हापासून या शहराने वेदान्त ऐकला, अर्थशास्त्र ऐकले, पंचवार्षिक योजनाही ऐकल्या. आज आम्ही चित्रकथेवर बोलणार आहोत. विषय ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही गृहीत धरले आहे. परंतु आमचे आयुष्य कामगारांत गेले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि रद्दीच्या दुकानात बरेच झाले. कामगाराच्या खिशात पगाराच्या पावतीशेजारी कोणते पुस्तक दुमडलेले असते, हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. माणूस फावल्या वेळात काय वाचतो, यावरून त्याची न्यायाची कल्पना कळते. आणि न्यायाची कल्पना कळल्यावाचून त्याची संघटना बांधता येत नाही.

या पुस्तकांत एक गृहस्थ पुन्हा पुन्हा भेटतो. तो तोंडावर मुखवटा चढवतो, रात्री बाहेर पडतो, दुष्टाला शासन करतो आणि उजाडण्यापूर्वी नाहीसा होतो. तो पगार घेत नाही, वर्गणी मागत नाही, सभेला बोलावत नाही. त्याचा इतिहास पाहताना आम्हांस एकच प्रश्न विचारायचा आहे : याला जाब विचारणार कोण?

मराठीत हा मुखवटा घरोघरी नेला तो बाबूराव अर्णाळकर यांनी. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा जमा होत्या. झुंजार, धनंजय आणि काळापहाड हे त्यांचे मानसपुत्र. त्यांतला काळापहाड आमच्या विषयाचा मूळ पुरुष मानावा लागेल. कायद्याच्या चौकटीबाहेर उभे राहून तो गुन्हेगारांना धडा शिकवतो. खून, गुप्त वाटा, हरवलेले मृत्युपत्र, उजळ माथ्याने फिरणारा सावकारी वृत्तीचा बडा माणूस, अशा जगात तो वावरतो. पंडितांनी ही पुस्तके दारात उभी केली नाहीत. ती चाळीच्या जिन्यावर वाचली गेली, लोकलगाडीत वाचली गेली, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाता जाता त्यांची वेष्टने गळून पडली.

का वाचली? कारण उघड आहे. ज्याला दिवाणी दाव्याचा खर्च झेपत नाही, ज्याची फिर्याद चौकीवर लिहून घेतली जात नाही, ज्याच्या वेतनाचा तंटा औद्योगिक न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहतो, त्याला दोन तासांत निकाल देणारा न्यायाधीश या पुस्तकात भेटत होता. त्या निकालावर अपील नव्हते आणि वकिलाची फीही नव्हती. या वाचनाला आम्ही तुच्छ मानीत नाही. अडखळत वाचणारे किती तरी हात या पुस्तकांमुळे अक्षरांना सरावले. पण त्या न्यायात एक उणीव होती. वाचकाने काही करायचे नव्हते. त्याने फक्त पान उलटायचे होते.

त्याच काळातील दुसरे एक पुस्तक शेजारी ठेवून पाहावे. १९५९ साली अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. अण्णाभाऊंनी शाळा जवळजवळ पाहिलीच नव्हती. मुंबईच्या गिरणगावात त्यांनी अंगमेहनत केली होती. त्यांचा फकिराही कायदा मोडतो आणि उपाशी माणसांसाठी लूट करतो. परंतु त्याच्या तोंडावर मुखवटा नाही. त्याचे नाव, गाव आणि जात सर्वांस ठाऊक आहे. म्हणून सरकार त्याच्या माणसांना धरते, आणि त्यांच्या सुटकेसाठी त्याला स्वतःला हवाली करावे लागते. काळापहाडाच्या बाबतीत असा प्रसंग येऊच शकत नाही, कारण कोणाचे घर घेरावयाचे हेच सरकारला कळत नाही. मुखवट्याची सोय ही अशी आहे. अन्यायाशी झगडण्याची किंमत तो कथेतून पुसून टाकतो.

आता हा मुखवटा चित्रांत कसा शिरला ते पाहू. त्याचे माहेर अमेरिका. मोठ्या मंदीने तेथील लाखो कामगार बेकार झाले होते, त्या दशकात ली फॉक याने १९३४ साली जादूगार मॅन्ड्रेक आणि १९३६ साली फँटम वर्तमानपत्रांतील चित्रपट्ट्यांत आणला. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन अवतरला. परग्रहावरून आलेला, पोलादाला वाकवणारा हा वीर आरंभी कोणाशी लढत होता, हे आज फारसे कोणी सांगत नाही. त्याच वर्षीच्या एका कथेत तो खाणकामगाराच्या वेषात खाणीत उतरतो. तेथे सुरक्षिततेची साधने निकामी आहेत आणि एक मजूर जायबंदी झालेला आहे. मालकाच्या बंगल्यावर मेजवानी चालू असते. सुपरमॅन मालकाला आणि त्याच्या पाहुण्यांना खाणीत नेतो आणि दरड कोसळवून त्यांना आत कोंडतो. घाबरलेला मालक खाण सुरक्षित करण्याचे वचन देतो आणि कथा संपते.

ही कथा वाचून आम्हांस आनंद झाला, आणि लगेच हसूही आले. मालकाला एक रात्र जमिनीखाली कोंडले म्हणजे खाणी सुरक्षित होतात, असे असते तर कारखाने निरीक्षकाची गरज उरली नसती. १९७५ सालच्या डिसेंबरात तेव्हाच्या बिहारमधील चासनाला येथील कोळसाखाणीत पाणी घुसून साडेतीनशेहून अधिक कामगार बुडाले. त्या खाणीचे व्यवस्थापन सरकारच्याच हाती होते. कोणत्या मालकाची मानगूट धरून खाली न्यायचे? जेथे दोष एका दुष्टाचा नसून साऱ्या व्यवस्थेचा असतो, तेथे मुखवटेवाल्याची मूठ हवेतच फिरते.

सुपरमॅनच्या कर्त्यांची कहाणी त्याहून बोलकी आहे. या वीराचे सर्व हक्क त्यांनी १३० डॉलरांना विकून टाकले. त्याच्या बळावर प्रकाशकांनी अमाप पैसा मिळवला. सीगल आणि शुस्टर यांचे उतारवय ओढगस्तीत गेले. पुढे वृत्तपत्रांत बोभाटा झाला आणि व्यंगचित्रकारांच्या संघटनांनी त्यांची बाजू उचलून धरली, तेव्हा १९७५ साली त्यांना वर्षाला २०,००० डॉलरांचे निवृत्तिवेतन मिळाले आणि कथेवर पुन्हा त्यांचे नाव छापले जाऊ लागले. आपल्या जन्मदात्यांच्या मदतीला सुपरमॅन धावून आला नाही. धावून आले ते हमपेशा सोबती. कामगार चळवळीचा सबंध धडा या एका हकिकतीत सामावलेला आहे.

महाराष्ट्रात ही चित्रकथा नियमित येऊ लागली ती मार्च १९६४ पासून. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला काढली. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली आदी भाषांतूनही ती निघाली आणि १९९० साली बंद पडेपर्यंत तिचे सुमारे आठशे अंक झाले. पुढे ‘अमर चित्रकथा’ उभी करणारे अनंत पै हे तिच्या आरंभीच्या जडणघडणीत होते. आम्ही हे अंक वाचले ते नवे कोरे नव्हेत. रद्दीवाल्याकडे तीन-चार अंक दोऱ्याने शिवून ठेवलेले असत आणि दिवसाच्या भाड्याने मिळत.

फँटम मराठीत आला तो ‘वेताळ’ होऊन. हे नाव देणाऱ्याला आम्ही दाद देतो. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे, आणि आपल्या पुण्यात तर एक सबंध टेकडी त्याच्या नावाची आहे. रात्री फेरी घालणारा रक्षक ही कल्पना आपल्या लोकांना नवी नव्हती. तिच्या अंगावर फक्त घट्ट पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा चढला. मूळ कथेतील काही नावे येथे बदलली गेली. मुळातले देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते, त्याचे ‘डेंकाली’ झाले. चाच्यांच्या टोळीच्या नावातील ‘सिंग’चे ‘सिंगा’ झाले. नावे बदलली तरी मांडणी तीच राहिली. काळ्या माणसांच्या अरण्यात एक गोरा पुरुष शांतता राखतो, आणि ही त्याची सत्ता बापाकडून मुलाकडे एकवीस पिढ्या चालत आलेली आहे. आमच्या भाषेत याला वतन म्हणतात. देशमुखी-पाटीलकीची वतने आपण कायद्याने मोडली, आणि त्याच सुमारास वेताळाचे वतन आपल्या मुलांच्या हाती आनंदाने दिले, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वेताळाच्या कथेत आणखी एक गोष्ट आम्हांस नेहमी खटके. अरण्यात एक गस्ती दल असते. त्या दलाचा सर्वोच्च अधिकारी हा वेताळच; पण शिपायांना ते ठाऊक नाही. हुकूम एका तिजोरीतून येतात. हुकूम देणाऱ्याचे तोंड कोणी पाहिलेले नाही. वाचकाला यात रहस्य वाटते. ज्याने कारखान्याच्या फाटकावर दिवस काढले आहेत, त्याला यात दुसरेच काही दिसते. ज्या साहेबाचे तोंड दिसत नाही, त्याच्यापुढे रजेचा अर्ज तरी कसा ठेवायचा?

या मालेत भारतीय नायक आला तो डिसेंबर १९७६ मध्ये. त्याचे नाव बहादूर. निर्माते आबिद सुरती. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर हा दरोडेखोराचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेला म्हणून तो सूड घेण्यास निघतो. पण बापाच्या हातून किती घरे उजाड झाली हे डोळ्यांनी पाहिल्यावर तो बदलतो आणि दरोडेखोरांशी लढण्यासाठी ‘नागरिक सुरक्षा दल’ उभे करतो. चंबळ खोऱ्याचा प्रश्न तेव्हा ताजा होता. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्यापुढे तेथील दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली होती. बहादूरच्या अंगात अचाट शक्ती नाही. भगवा कुडता आणि जीन्स हा त्याचा वेष. मुख्य म्हणजे त्याला मुखवटा नाही, आणि तो एकटा नाही. गावकऱ्यांनी आपले रक्षण आपण करावे, हा विचार त्याने चित्रकथेत आणला. परदेशी नायकांच्या मालेत ही मोठीच मजल होती, आणि सुरती यांना तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

तथापि इतिहास सांगताना तारीख विसरून चालत नाही. डिसेंबर १९७६ म्हणजे आणीबाणी. सभाबंदी होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, अनेक कामगार पुढारी तुरुंगात होते. १९७५ च्या सप्टेंबरात एका वटहुकुमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला होता आणि त्याविरुद्ध संप करण्याची मुभा उरली नव्हती. अशा वेळी चित्रकथेतील नागरिक संघटित झाले ते पोलिसांचा हात बळकट करण्यासाठी. लेखकाच्या हेतूवर आम्ही बोट ठेवीत नाही. दरोडेखोरांपासून गाव वाचवणे हे चांगलेच काम आहे. पण सुरक्षा दलाची सभा भरली, हिशेब वाचला गेला, कोणी उठून नायकाला उलट प्रश्न केला, असे चित्र या कथांतून आमच्या मनावर उमटले नाही. नागरिक आले होते. त्यांचा ठराव यावयाचा राहिला होता.

पुण्यापुरते बोलायचे तर त्याच दशकात भा. रा. भागवत यांचा ‘फास्टर फेणे’ येथील पोरांच्या गळ्यातला ताईत झाला. हा बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात, सायकलवर स्वार. नाव आहे, गाव आहे, आणि चुकला तर कान धरणारी वडीलधारी माणसेही आहेत. पुणेकरांचा नायक मुखवट्यावाचून चालला, ही या शहराला शोभणारी गोष्ट आहे. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, तेव्हाही आत्महत्या म्हणून मिटवलेल्या एका विद्यार्थ्याच्या मृत्यूचा आणि परीक्षेच्या पेपरफुटीचा छडा त्याने उघड्या तोंडानेच लावला.

येथवर आम्ही जो प्रश्न धरला आहे, तो चित्रकथेने स्वतःलाच विचारला तो १९८६ साली. त्या आधी मुंबईतील एका वर्षाकडे वळले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी १८ ऑगस्टला, पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्यांना अटक झाल्यावर, मुंबईचे पोलीस शिपाईच रस्त्यावर आले. शहरात दंगल उसळली आणि सैन्य बोलवावे लागले. राखण करणाऱ्यालाही पोट असते, पाळी असते, गाऱ्हाणे असते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

चार वर्षांनी अमेरिकेत ‘वॉचमेन’ नावाची बारा भागांची चित्रकथा निघाली. तिचा लेखक ॲलन मूर हा इंग्लंडातील नॉर्दम्प्टनचा. बाप दारूभट्टीच्या कारखान्यात कामगार, आई छापखान्यात. मुलगा शाळेतून काढून टाकलेला आणि वाचून वाचून शहाणा झालेला. चित्रे डेव्ह गिबन्स यांची, रंग जॉन हिगिन्स यांचे. आरंभ होतो खुनाने. न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला उंच खिडकीतून फेकून दिलेले असते. तो पूर्वीचा मुखवटेवाला निघतो, आणि दुसरा मुखवटेवाला खुन्याच्या शोधाला लागतो.

या कथेत मुखवटेवाल्यांवर कायद्याने बंदी आलेली आहे, आणि ती कशी आली हे कामगारांनी मुद्दाम वाचावे. १९७७ साली पोलीस संप करतात. त्यांचे म्हणणे असे की, आमचे काम करणारे हे मुखवटेवाले कोणाच्या हुकुमाने हिंडतात? आमच्या छातीवर बिल्ला आहे, नंबर आहे. त्यांच्यापाशी काय आहे? मूरने ही कल्पना मुंबईवरून घेतली असे आम्ही म्हणत नाही. तसा काही पुरावा नाही. पण आमचा जुना प्रश्न नेमक्या संपकऱ्यांच्या तोंडी पडावा, याचा आम्हांस आनंद झाला.

विज्ञानकथेचा भागही तेथे नुसता चमत्कार म्हणून येत नाही. अपघाताने देवासारखी शक्ती लाभलेला एक पदार्थवैज्ञानिक सरकारचे अस्त्र बनतो. त्याच्यामुळे अमेरिका व्हिएतनामचे युद्ध जिंकते आणि रस्त्यांवर विजेच्या मोटारी धावू लागतात. जुन्या मोटारी दुरुस्त करून पोट भरणारा एक वृद्ध मिस्त्री त्यामुळे मागे पडतो. चाकण आणि पिंपरीच्या आसपास ज्यांनी इंजिनाच्या कामात हयात घालवली आहे, त्यांना आज हे चित्र कल्पनेतले वाटणार नाही.

शेवटी उलगडा होतो तो असा. खुनी हा त्यांच्यातलाच, सर्वांत हुशार आणि सर्वांत श्रीमंत मुखवटेवाला. अमेरिका आणि रशिया यांच्यातील अणुयुद्ध टाळण्यासाठी तो परग्रहावरील राक्षसाचे सोंग उभे करतो आणि न्यूयॉर्कमधील लक्षावधी माणसे मारतो. त्या बुद्धिमंताने जगाचे भले योजले होते. फक्त जगाला विचारले नव्हते. मेलेल्यांत एक वर्तमानपत्रे विकणारा म्हातारा आहे आणि त्याच्या गाडीशी बसून फुकट चित्रकथा वाचणारा एक मुलगा आहे. साऱ्या कथाभर ही दोघे त्या कोपऱ्यावर बसलेली असतात. एका खिडकीतून पडलेल्या नायकाच्या खुनाचा तपास बारा भाग चालतो. या दोघांच्या खुनाबद्दल उरलेले बहुतेक नायक गप्प बसण्याचे ठरवतात. आमच्या मते त्या पुस्तकाचे मर्म येथे आहे.

मूरचेही प्रकाशकाशी बिनसले. पुस्तकाची छपाई थांबली म्हणजे हक्क कर्त्यांकडे परत यावयाचे होते. पुस्तक इतके खपले की छपाई थांबलीच नाही. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचून दाखवणारा कोणी जवळ असावा, एवढे तरी यावरून प्रत्येक कष्टकऱ्याने शिकावे.

त्या पुस्तकाच्या नावात जो शब्द आहे, तो मराठीत फार वर्षांपूर्वी येऊन राहिला आहे. आपल्याकडे ‘वॉचमन’ म्हटले की मुखवटेवाला आठवत नाही. सोसायटीच्या फाटकाशी स्टुलावर बसलेला, बारा तासांची पाळी करणारा, कोणाच्या तरी जुन्या मापाची वर्दी घातलेला माणूस आठवतो. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला, त्याच धर्तीवर १९८१ साली महाराष्ट्राने खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. रक्षकांची नोंदणी, वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा यांची व्यवस्था मंडळामार्फत व्हावी, असे त्याने ठरवले. कायद्यातून सूट मिळवलेल्या एजन्सींकडे किंवा नोंदणीच नसलेल्या ठेकेदारांकडे आजही पुष्कळ रक्षक राबतात. ते आपल्या घरांची राखण करतात. त्यांच्या पगाराची राखण करणारा कोणी वेताळ टेकडीवरून उतरून येत नाही.

ही पुस्तके वाचू नका, असे सांगण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. काळापहाड वाचावा, वेताळ वाचावा, बहादूर तर शोधून वाचावा. त्यांच्या पानांत सामान्य माणसाची न्यायाची भूक जपून ठेवलेली आहे, आणि ती भूक खरी आहे. पुस्तक मिटल्यावर मात्र एक साधी गोष्ट करावी. आपल्या फाटकावरील रक्षकाला त्याचे पूर्ण नाव विचारावे, त्याची नोंदणी झाली आहे काय ते विचारावे, आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत तो प्रश्न स्वतःच्या नावाने मांडावा. इतिवृत्तात ते नाव लिहिले जाईल, कोणी त्यावर रागावेलही. न्यायाच्या कामात एवढी झळ सोसण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.